सोयाबीनची शेंग का तडकते?

दसरा जवळ आला की वऱ्हाडात सोयाबीनच्या सोंगणीची घाई सुरू होते. पाऊस थांबलेला असतो, ऊन चटका देऊ लागतं, हवेतला ओलावा दिवसागणिक उतरतो. पानं गळून पडतात, शेंगा तपकिरी होतात आणि नेमक्या त्याच आठवड्यात सगळ्या गावाला एकदम मजूर हवे असतात. चार दिवस उशीर झाला की दुपारी उभ्या पिकातून तडतड आवाज यायला लागतो. शेंगेची दोन्ही टरफलं फटकन विलग होतात, प्रत्येकाला पीळ पडतो आणि दाणे दूर उडतात. काळ्या मातीच्या भेगांत गेलेला तो दाणा पुन्हा हाती लागत नाही. म्हणून शेतकरी सकाळी, शेंगांवर दव असतानाच जमेल तेवढी सोंगणी उरकायला बघतो.

या पिळामागे सोयाबीनचं एक जनुक आहे. ते काय काम करतं हे २०१४ सालापर्यंत कळलेलं नव्हतं. त्याचा मजकूर मात्र २०१० पासून प्रसिद्ध होता, कुणीही संगणकावर उघडून वाचावा असा. मजकूर हातात आहे आणि अर्थ ठाऊक नाही, अशी आपल्या पिकांच्या बहुतेक जनुकांची आजही अवस्था आहे. तो अर्थ कसा लावला जातो हे सांगायचं तर प्रयोगशाळेइतकंच शेताबद्दल बोलावं लागतं, आणि त्या शेतांमध्ये अकोला-अमरावतीची शेतंही येतात.

जानेवारी २०१० मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात सोयाबीनचा जीनोम, म्हणजे संपूर्ण जनुकसंच, प्रसिद्ध झाला. ‘विल्यम्स ८२’ या अमेरिकी वाणाचा डीएनए त्यासाठी वाचला होता. ए, टी, जी आणि सी या चारच अक्षरांत लिहिलेला हा सुमारे ११० कोटी अक्षरांचा मजकूर. त्यातली ९५ कोटींच्या आसपास अक्षरं जुळवली गेली आणि त्यांत ४६,४३० जनुकं हेरली गेली. जनुक म्हणजे या मजकुरातला असा तुकडा, ज्याच्या बरहुकूम पेशी एखादं प्रथिन बनवते. जनुक कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं याच्या खुणा ठरलेल्या असतात, त्यामुळे ते हुडकून काढणं संगणकाला बऱ्यापैकी जमतं. पण ते प्रथिन मुळात राबतं की फुलात, क्षार अडवतं की बुरशी, हे त्या अक्षरांत कुठे लिहिलेलं नसतं.

मग पहिला अंदाज बांधतात तो साम्यावरून. वनस्पतीशास्त्रज्ञांनी सगळ्यात बारकाईनं अभ्यासलेली वनस्पती म्हणजे अरॅबिडॉप्सिस, मोहरीच्या कुळातलं वीतभर उंचीचं रानरोप. डिसेंबर २००० मध्ये तिचा जीनोम वाचून झाला. वनस्पतींमधला तो पहिलाच. तेव्हा तिच्यात २५,४९८ जनुकं मोजली गेली. त्यांपैकी ६९ टक्के जनुकांचं वर्गीकरण इतर सजीवांतल्या माहितीतल्या प्रथिनांशी असलेल्या साम्यावरून करता आलं. प्रत्यक्ष प्रयोगानं ज्यांचं काम सिद्ध झालेलं होतं, अशी जनुकं होती फक्त ९ टक्के. २०१० पर्यंत सगळ्या जनुकांची कामं शोधायची असा संकल्प अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठाननं सोडला होता. ते वर्ष येऊन गेलं, काम अजून संपलेलं नाही. सोयाबीन, तूर, कपाशी या पिकांच्या जनुकांवर चिकटवलेल्या चिठ्ठ्या बव्हंशी या रानरोपाच्या माहितीवरून नकललेल्या आहेत. जिथे नक्कल करायलाही काही सापडत नाही, तिथे ‘अज्ञात कार्याचं प्रथिन’ एवढंच लिहिलेलं असतं.

साम्यावरून बांधलेला अंदाज म्हणजे आडनावावरून माणसाचा धंदा ओळखणं. कुलकर्णी म्हटलं की घराण्यात कुणीतरी गावाचं दप्तर लिहीत होतं एवढं कळतं. आजचा कुलकर्णी बँकेत आहे की शाळेत, ते त्याच्या घरी गेल्याशिवाय कळत नाही. शेंग पिळणाऱ्या जनुकाचं नेमकं असंच झालं होतं.

शेंग तडकण्याचा शोध जपानमध्ये लागला. हिदेयुकी फुनात्सुकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका बाजूला सहज तडकणारं आणि दुसऱ्या बाजूला न तडकणारं अशी दोन सोयाबीन वाणं घेऊन त्यांचा संकर केला. न तडकण्याचा हा गुण मुळात थायलंडच्या एका वाणातून जपानी सोयाबीनमध्ये आणलेला होता. संकराच्या पहिल्या पिढीत दोन्ही पालकांचा डीएनए निम्मानिम्मा असतो. पुढच्या पिढ्यांत मात्र त्याचे तुकडे होऊन प्रत्येक झाडात वेगळी सरमिसळ होते. अशी शेकडो नातवंडं वाढवायची, त्यांच्या शेंगा गरम भट्टीत वाळवायच्या, किती तडकल्या ते मोजायचं आणि प्रत्येक झाडाचा डीएनए तपासायचा. न तडकणाऱ्या झाडांमध्ये थाई पूर्वजाचा कोणता तुकडा हटकून आढळतो? पहिल्यांदा गुणसूत्र कळतं. ते निघालं सोळावं. मग आणखी झाडं, आणखी बारीक तुकडे. वर्षांमागून वर्षं तुकडा लहान होत जातो आणि शेवटी त्यात एकच जनुक उरतं.

या जनुकाचं नाव त्यांनी पीडीएच-१ ठेवलं. न तडकणाऱ्या वाणांमध्ये हे जनुक बिघडलेलं होतं. मजकुराच्या मध्येच ‘इथे थांबा’ अशी खूण पडल्यामुळे त्याचं प्रथिन अर्धवट राही. एवढ्यावरही खात्री धरता येत नाही, कारण शेजारचं एखादं जनुक गुन्हेगार असू शकतं. म्हणून उलट तपासणी केली. न तडकणाऱ्या सोयाबीनमध्ये शाबूत पीडीएच-१ घातलं, आणि त्याच्या शेंगा तडकू लागल्या.

साम्याची चिठ्ठी या जनुकावरही होती: ‘डिरिजंटसारखं प्रथिन’. डिरिजंट कुळातलं पहिलं प्रथिन १९९७ साली फॉर्सिथिया नावाच्या फुलझाडात सापडलं होतं. दोन रेणू एकमेकांना नेमक्या कोणत्या बाजूनं जोडले जावेत, याला ते दिशा देतं. पण त्यावरून शेंगेविषयी काय कळावं? उत्तर मिळालं ते हे जनुक कुठे आणि केव्हा जागं होतं ते पाहिल्यावर. शेंगेच्या टरफलाला आतून एक टणक थर असतो. त्यात लिग्निन साठतं. लाकडाला कडकपणा येतो तो याच द्रव्यामुळे. लिग्निन साठायला सुरुवात होते त्याच सुमारास हे जनुक त्या थरात जोरात काम करू लागतं. एरवी सगळ्या बाबतींत सारख्या, फक्त या जनुकात वेगळ्या अशा दोन वाणांच्या टरफलांची तुलना केल्यावर चित्र पुरं झालं. शाबूत जनुकाचं टरफल वाळताना जास्त पिळतं, आणि हा पीळच शेंगेची शिवण उसवतो. बिघडलेल्या जनुकाच्या शेंगेतही लिग्निन असतं, शिवणही असते. फक्त पिळाचा जोर नसतो.

मला या संशोधनातला सर्वांत मोलाचा भाग वाटतो तो याच्या पुढचा. त्यांनी जगभरच्या गावरान सोयाबीन वाणांमध्ये हे जनुक तपासलं. बिघडलेलं जनुक वारंवार सापडलं ते कोरड्या, अर्धशुष्क भागांतल्या वाणांत. उत्तर अमेरिकेच्या सोयाबीनमध्येही त्याचा भरपूर वापर झालेला आढळला. कारण उघड आहे. दमट हवेत शेंग पुरती वाळत नाही आणि पिळाला जोर चढत नाही. तिथे जनुक शाबूत असलं काय, मोडलेलं असलं काय, शेतकऱ्याला फरक दिसत नाही. कोरड्या हवेत मात्र तडकणाऱ्या झाडाचे दाणे जमिनीत जातात आणि न तडकणाऱ्याचे खळ्यावर येतात. पुढच्या वर्षीचं बियाणं खळ्यावरच्या दाण्यांतूनच ठेवलं जातं. ज्यांनी डीएनए हे नाव कधी ऐकलं नव्हतं, अशा शेतकऱ्यांच्या पिढ्यांनी या जनुकाची निवड केली होती. पुढे २०२० साली राजम्यातही या जनुकाचा भाऊबंद असंच काम करताना आढळला, आणि तिथेही न तडकणं आणि कोरडं हवामान यांचा संबंध दिसून आला.

जनुकाचं काम हे असं हवापाण्याशी बांधलेलं असतं. काचघरात, ठरावीक ओलाव्यात वाढवलेल्या झाडांवर पीडीएच-१ शोधायला गेलो असतो तर ‘कोणताही परिणाम नाही’ असाच शेरा मिळाला असता. वऱ्हाडातला ऑक्टोबर हे या दृष्टीनं एक तयार उपकरणच आहे. अमरावतीच्या प्रादेशिक संशोधन केंद्रात सोयाबीनवर काम चालतं, डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचं हे केंद्र. ‘एएमएस’ या अक्षरांनी सुरू होणारी वाणं, म्हणजे ‘पीडीकेव्ही यलो गोल्ड’ (एएमएस-१००१), ‘सुवर्ण सोया’ (एएमएस-एमबी-५-१८), ‘पीडीकेव्ही अंबा’ (एएमएस-१००-३९), इथलीच. वाण निवडताना पीक पिकल्यावरही काही दिवस मुद्दाम उभं ठेवतात आणि तडकलेल्या शेंगा मोजतात. ही मोजणी कंटाळवाणी, उन्हातली आणि हातानं करायची. जनुकाला अर्थ मिळतो तो याच मोजणीतून.

शेंगेच्या बाबतीत मोडकं जनुक फायद्याचं ठरलं. मातीतल्या मिठाच्या बाबतीत गोष्ट बरोबर उलटी आहे, आणि तीही वऱ्हाडाच्या जिव्हाळ्याची. पूर्णा नदीच्या खोऱ्यात अकोला, अमरावती आणि बुलढाणा या जिल्ह्यांतून खारपाणपट्टा पसरलेला आहे. दर्यापूर, मूर्तिजापूर, अकोट, तेल्हारा या तालुक्यांतल्या कितीतरी गावांत विहिरीचं पाणी पिकाला देता येत नाही इतकं ते खारट असतं. २०१४ ते २०१६ या काळात वेगवेगळ्या तीन संशोधक गटांनी सोयाबीनचं क्षारसहनशीलतेचं जनुक शोधलं. एकानं रानटी सोयाबीन घेतलं होतं, दुसऱ्यानं चिनी वाण, तिसऱ्यानं ब्राझीलचं. तिघेही तिसऱ्या गुणसूत्रावरच्या एकाच जनुकापाशी येऊन थांबले आणि तिघांनी त्याला तीन वेगळी नावं दिली. जनुक शाबूत असेल तर सोडियम मुळाच्या वर, पानांपर्यंत कमी पोचतो. क्षार न सोसणाऱ्या काही वाणांमध्ये या जनुकाच्या मधोमध डीएनएचा एक भटका तुकडा घुसलेला आढळला. असे तुकडे जीनोममध्ये जागा बदलत हिंडतात आणि जिथे घुसतात तिथला मजकूर बिघडवतात.

तीन वेगवेगळ्या वाटांनी एकाच उत्तरावर येणं हा या क्षेत्रातला सर्वांत भक्कम पुरावा. तरी या एका जनुकानं खारपाणपट्ट्याचा प्रश्न सुटेल अशी आशा कुणी धरू नये, असं मला वाटतं. तिथली अडचण निव्वळ मिठाची नाही. चोपण होणाऱ्या भारी जमिनीत पाण्याचा निचराच होत नाही आणि मुळांचा जीव गुदमरतो. त्या त्रासाला पुरून उरणारी जनुकं वेगळी असतील, आणि ती त्याच मातीत झाडं वाढवून शोधावी लागतील.

आता थोडं मागे, अकोल्याला जाऊ. अकोल्याचं कृषी विद्यापीठ २० ऑक्टोबर १९६९ रोजी सुरू झालं. ज्यांचं नाव त्याला दिलं आहे ते पंजाबराव देशमुख अमरावती जिल्ह्यातल्या पापळचे, १९५२ ते १९६२ या काळात देशाचे कृषिमंत्री. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राबरोबर या विद्यापीठानं जे काम केलं, त्याच्या खुणा वऱ्हाडाच्या घराघरांतल्या बियाण्याच्या पिशव्यांवर आहेत. टीएयू-१ हा उडीद, टीएटी-१० ही तूर, टीएआरएम-१८ हा मूग, टीएजी-२४ हा भुईमूग. या नावांतलं ‘टी’ तुर्भ्याचं, म्हणजे ट्रॉम्बेचं, आणि ‘ए’ अकोल्याचं. पुढे सोयाबीनमध्ये टीएएमएस-३८ आणि टीएएमएस-९८-२१ ही वाणं आली तेव्हा तिथे अमरावतीचं अक्षर लागलं.

ही वाणं किरणोत्सारातून घडली आहेत. बियाण्यावर क्ष-किरण किंवा गॅमा किरण सोडले की डीएनएमध्ये जागोजागी मोडतोड होते. कुठे एखादं अक्षर बदलतं, कुठे तुकडाच गळतो. याला उत्परिवर्तन म्हणतात. त्या बियांपासून उगवलेल्या पहिल्या पिढीत सहसा काही दिसत नाही, कारण प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात आणि एक बिघडली तरी दुसरी काम भागवते. दोन्ही प्रती बिघडलेली झाडं निघतात ती दुसऱ्या पिढीत. म्हणून दुसऱ्या पिढीची हजारो झाडं लावायची आणि एकेक तास फिरून वेगळं झाड हुडकायचं. बहुतेक वेगळी झाडं अधू निघतात: पिवळी, वांझोटी, वाढ खुंटलेली. क्वचित एखादं कामाचं असतं. टीएयू-१ या १९८५ सालच्या उडदाचा एक पालक असाच टपोऱ्या दाण्यांचा उत्परिवर्तित उडीद होता. १९९१ चा टीएजी-२४ ठेंगणा, लवकर येणारा आणि पानांपेक्षा शेंगांना जास्त वाटा देणारा. टीएआरएम-१८ भुरी रोगाला दाद देत नाही.

ही वाणं शेतात गेली तेव्हा त्यांतलं कोणतं जनुक बदललं आहे, हे माहीत नव्हतं, आणि माहीत करून घ्यायची साधनंही नव्हती. तशी गरजही भासली नाही. दाणा टपोरा आहे एवढं बाजाराला पुरे होतं. आज ते कोडं सोडवायची रीत उपलब्ध आहे. २०१२ साली जपानमध्ये भातावर एक पद्धत बसवली गेली. उत्परिवर्तित झाडाचा संकर त्याच्या मूळ वाणाशीच करायचा. नातवंडांमधून नवा गुण दाखवणारी तेवढी झाडं वेचायची, त्या सगळ्यांचा डीएनए एकत्र करून वाचायचा. किरणांनी केलेले इतर शेकडो बदल कुणात असतील, कुणात नसतील. पण ज्या बदलामुळे गुण आला तो वेचलेल्या प्रत्येक झाडात असणारच. आलेखावर तेवढी एक जागा उंच उठून दिसते. ज्या कामाला वर्षानुवर्षं लागायची ते आता काही हंगामांत होतं.

टीएजी-२४ नं तर याहून मोठी कामगिरी बजावली आहे, आणि तीही स्वतःच्या दुबळेपणामुळे. या भुईमुगाला तांबेरा आणि टिक्का हे दोन्ही रोग सहज लागतात. हैदराबादजवळ पाटनचेरूला इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था आहे. तिथल्या आणि कर्नाटकातल्या शास्त्रज्ञांना रोगाशी झुंजणारी जनुकं शोधायची होती. त्यांनी धारवाडचं जीपीबीडी-४ हे रोगप्रतिकारक वाण निवडलं आणि त्याच्या जोडीला टीएजी-२४ घेतलं. जनुकं शोधण्यासाठी नुसतं बलवान झाड असून चालत नाही, त्याच्यासमोर दुबळंही लागतं. दोघांच्या नातवंडांत कोण पडतं आणि कोण तगतं, यावरूनच तुकडा पकडता येतो. या संकराच्या पिढ्या अनेक हंगाम रोगाच्या तोंडी देऊन तपासल्या. तांबेऱ्याचा आणि टिक्क्याचा बंदोबस्त करणारा पट्टा भुईमुगाच्या एका गुणसूत्रावर सापडला. जीपीबीडी-४ कडे तो मुळात भुईमुगाच्या एका रानटी नातेवाइकाकडून आलेला होता. २०१७ मध्ये त्या पट्ट्यातल्या संशयित जनुकांची यादीही प्रसिद्ध झाली. त्याआधीच, २०१४ मध्ये, तांबेऱ्याला रोखणारा हा पट्टा डीएनएच्या खुणा पाहत पाहत टीएजी-२४ मध्ये उतरवण्यात आला होता, आणि त्याच्यासोबत जळगावच्या जेएल-२४ मध्येही. ज्या वाणानं दुबळेपणानं मदत केली त्याला असं बळ मिळालं. ‘संशयित’ हा शब्द मात्र इथे लक्षात ठेवायला हवा. पट्टा सापडला म्हणजे जनुक सिद्ध झालं असं नाही. सोयाबीनच्या शेंगेसारखी उलट तपासणी व्हावी लागते.

इतकं कळल्यावर कुणालाही वाटेल, की एकेक जनुक मोडत जावं आणि काय बिघडतं ते पाहावं. ४६,४३० वेळा केलं की संपलं. अडचण अशी, की सोयाबीनचा जीनोम आजवर दोनदा दुपटीनं वाढलेला आहे, एकदा सुमारे ५ कोटी ९० लाख वर्षांपूर्वी आणि पुन्हा १ कोटी ३० लाख वर्षांपूर्वी. त्यामुळे जवळपास तीन चतुर्थांश जनुकांच्या एकाहून अधिक प्रती आहेत. एक मोडली तर दुसरी काम पुढे रेटते आणि झाडाकडे पाहून काहीच उमगत नाही.

याचं ठळक उदाहरण सोयाबीनच्या फुलण्याचं. सोयाबीन दिवसाच्या लांबीवर फुलायची वेळ ठरवतं. दिवस लहान झाले की फुलतं. अमरावती-अकोल्यात जूनमधला सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास असतो, अमेरिकेच्या सोयाबीन पट्ट्यात तो पंधरा तासांच्या घरात जातो. म्हणून तिथलं वाण इथे आणून पेरलं तर त्याला पहिल्यापासूनच दिवस लहान वाटतात. ते गुडघ्याएवढंही न वाढता फुलून मोकळं होतं. ही वेळ ठरवणारी काही जनुकं पैदासकारांना झाडांच्या वागण्यावरून कितीतरी आधीपासून माहीत होती. ई-१ आणि ई-२ यांची नावं १९७१ सालापासून पुस्तकांत आहेत. पण ई-१ म्हणजे नेमकं कुठलं जनुक, हे २०१२ साली कळलं. ई-३ आणि ई-४ ही तर एकाच प्रकाशग्राही प्रथिनाच्या जनुकाची दोन भावंडं निघाली. एक बिघडलं तर फुलण्याच्या वेळेत फरक पडतो, पण झाड दिवसाची लांबी ओळखतंच. दोन्ही बिघडली की ती ओळख बरीचशी जाते. एकेकटं मोडून पाहणाऱ्याला दोघांचं पुरतं मोल कधीच कळलं नसतं.

जनुक कायमचं न मोडता त्याला गप्प करण्याचीही रीत आहे, आणि तिचं सर्वांत डोळ्यांत भरणारं उदाहरण कपाशीतलं. सरकीच्या दाण्यावरचा प्रत्येक धागा म्हणजे दाण्याच्या सालीवरची एकच लांबलचक वाढलेली पेशी. २०११ साली ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी कपाशीतल्या एका नियामक जनुकाचा संदेश पेशीतच अडवला. इतर जनुकांना सुरू-बंद करणारं हे जनुक. झाड एरवी नेहमीसारखं वाढलं, बोंडं लागली, फुटलीही, पण आत निघाली गुळगुळीत, धागाच नसलेली सरकी. पऱ्हाटीवर उभं आयुष्य काढलेल्या वऱ्हाडाला त्या एका चित्रावरून जनुकाचं काम म्हणजे काय ते वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

२०१२ पासून क्रिस्पर या जनुक कापणाऱ्या कात्रीच्या साहाय्यानं हवं ते जनुक नेमकं कापता येतं. दोन-तीन भावंडं एकाच वेळी कापणंही जमतं, त्यामुळे प्रतींची अडचण बरीच हलकी झाली आहे. बाहेरचा डीएनए शिल्लक न राहिलेल्या अशा काही जनुकसंपादित रोपांना भारत सरकारनं मार्च २०२२ मध्ये जनुकीय परिवर्तित पिकांच्या कडक नियमांतून सूट दिली आणि मे २०२५ मध्ये भाताची दोन जनुकसंपादित वाणं जाहीर झाली. त्यांतल्या एकात ज्या जनुकाला हात लावला आहे, त्याचं ओंबीतल्या दाण्यांच्या संख्येशी असलेलं नातं २००५ सालीच जपानमध्ये उलगडलेलं होतं. कात्री कितीही धारदार असली तरी कुठे चालवायची हे आधी कळावं लागतं. म्हणूनच मला काळजी वाटते ती यंत्रांची नाही, शेतातल्या नोंदींची. डीएनए वाचणं दरवर्षी स्वस्त होत आहे. हजार ओळींमधल्या प्रत्येक झाडाची फुलण्याची तारीख, मुळांची खोली, मर लागलेली झाडं, तडकलेल्या शेंगा, यांची चोख नोंद ठेवणारी माणसं मात्र कृषी विद्यापीठांच्या प्रक्षेत्रांवर असावी लागतात, आणि त्यांची जागा भरली गेली नाही तर वाचलेला डीएनए मुका राहतो.

वऱ्हाडाकडे विचारण्यासारखे प्रश्नही आहेत, आणि ते इथल्या हंगामानंच पुढे आणले आहेत. २०१९ च्या ऑक्टोबरात परतीचा पाऊस लांबला आणि काढणीला आलेल्या, गंजी लावलेल्या सोयाबीनच्या दाण्यांना शेंगेतच कोंब फुटले. पुढच्या जूनमध्ये राज्यात ठिकठिकाणांहून पेरलेलं सोयाबीन उगवलंच नाही अशा तक्रारी आल्या. दाण्यानं केव्हा झोपावं आणि केव्हा उगवावं, हेही जनुकंच ठरवतात. रानटी सोयाबीनचा दाणा इतका कठीण असतो, की पाण्यात टाकला तरी लवकर फुगत नाही. २०१५ मध्ये या कठीण सालीचं एक जनुक ओळखलं गेलं. माणसानं पीक माणसाळवताना ते बदललं, म्हणून आपलं सोयाबीन पेरल्याबरोबर उगवतं आणि साल नाजूक असल्यामुळे थ्रेशरमध्ये आपटून मारही खातं. दाण्याच्या झोपेचं आणखी एक जनुक २०१८ मध्ये उलगडलं. हिरव्या सालीच्या सोयाबीनवरून ते हाती लागलं, आणि भात व टोमॅटो माणसाळवतानाही त्याच्या भावंडांवर तशीच निवड झालेली आढळली. शेंग न तडकणारी हवी, दाणा पावसात आठवडाभर झोपून राहणारा हवा, आणि तरी जूनमध्ये पेरल्यावर चार-पाच दिवसांत एकसारखा उगवणारा हवा. हे तिन्ही गुण एका वाणात बसतात का, हे तपासायला ऑक्टोबरचं कोरडं ऊनही लागेल आणि मुद्दाम भिजवलेल्या गंजीही लागतील.